सामाईक भिंत

माणसाच्या बहुतेक दुःखांच्या मुळाशी थंडी असते. हे वाक्य मी आमच्या हीटिंग दुरुस्तीच्या धंद्याच्या पत्रकासाठी फार विचार करून लिहिलं होतं. माझ्या भागीदाराने ते खोडलं आणि तिथे ‘तत्पर सेवा, अहोरात्र’ असं छापून आणलं. त्यातही काही तथ्य नव्हतं. संध्याकाळी साडेपाचनंतर आम्ही दोघंही फोन उचलत नाही.

मिसेस म्युरिएल ऑल्डरॉइडचा फोन मात्र सोमवारी सकाळी आठला आला, म्हणजे आम्ही उचलतो त्या वेळात. बाई त्र्याऐंशीच्या. राहणार आमच्याच गावात, बॅटलीत, सदरलँड टेरेस, घर नंबर बारा.

“डेरेक बाळा, हीटिंग गेलंय रे. तुला त्रास द्यायचा नव्हता.”

“कधी गेलं?”

“मंगळवारी.”

“आज सोमवार आहे, मिसेस ऑल्डरॉइड.”

“तेच म्हणतेय मी. त्रास द्यायचा नव्हता.”

आमच्या यॉर्कशरमधल्या माणसांचं हे असं आहे. घराला आग लागली तरी आधी विचार करतील की बंबवाल्यांचा चहा झाला असेल का. जानेवारीतले सहा दिवस ही बाई कोट आणि टोपी घालून घरात बसली होती, आणि दार उघडलं तेव्हाही त्याच वेषात होती.

“लवकर आत ये आणि दार लाव,” ती म्हणाली. “थंडी बाहेर जाईल.”

थर्मोस्टॅट नऊ अंश दाखवत होता. बोलताना तोंडातून वाफ येत होती, आणि त्या वाफेतूनच ती मला बजावत होती की हे घर असं नाही, हे घर ऊब धरून ठेवतं. ते मला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. एक नोव्हेंबरच्या आत हीटिंग लावणं हे तिच्या मते व्यसन होतं, आणि नंतरही थर्मोस्टॅट सोळाच्या वर न्यायचा नाही. सोळाच्या वर फक्त दक्षिणेकडची माणसं आणि आजारी पोपट. तिचं गॅसचं मीटर वाचायला येणारा माणूस काच पुसून पुन्हा वाचायचा. एकदा त्याने मीटर बिघडलंय अशी तक्रार नोंदवली होती. तपासलं तर मीटर ठणठणीत. तेव्हापासून म्युरिएलबाई चर्चमध्ये थोडी ताठ बसायला लागली होती.

“दगडी बांधकाम आहे,” ती म्हणायची. “आणि मी दारं लावून घेते. बाकीचे आपले रस्ता तापवतात.”

मी कामाला लागलो. पाणी तापवणारा बॉयलर चालू होता. नळाला गरम पाणी येत होतं. थर्मोस्टॅट फिरवला तर टक् असा स्वच्छ आवाज आला, म्हणजे तोही शुद्धीवर होता. राहिला वरच्या मजल्यावरच्या पाण्याच्या टाकीजवळचा व्हॉल्व्ह. तिथे दोन असतात. एक गरम पाणी टाकीकडे सोडतो आणि दुसरा रेडिएटरकडे, म्हणजे खोल्या तापवणाऱ्या भिंतीवरच्या पोकळ पत्र्यांकडे. टाकीकडचा इमानेइतबारे उघडझाप करत होता. रेडिएटरकडच्याची मोटर नुसती घुरघुरत होती आणि खाली काही हलत नव्हतं. मी मोटरचं डोकं काढून आतला दांडा पक्कडीत धरला आणि पिळला. हलला नाही. जोर लावला. तरी नाही. त्याच्या भोवती हिरवट-पांढरा क्षार असा साचला होता, जसा चहाच्या किटलीच्या तळाशी साचतो.

असा व्हॉल्व्ह सहा दिवसांत होत नाही. तो वापराने बिघडत नाही, न वापरल्याने बिघडतो. वर्षानुवर्षं कुणी उघड म्हटलंच नाही तर एक दिवस तो उघडायचं विसरतो.

मी खाली आलो. पुढच्या खोलीतल्या रेडिएटरवर विणलेली झालर होती आणि झालरीवर मेणाचा एक गाणारा मुलगा उभा होता, हातात मेणाचंच पुस्तक, तोंडाचा चंबू. नाताळात विकतात त्यातला.

“हा कधीपासून आहे इथे?”

“तो? हॅरी गेला त्याच्या पुढच्या वर्षी आणला. सात वर्षं झाली. का रे? जळमटं आहेत का?”

मेणाचा मुलगा सात वर्षं तापलेल्या रेडिएटरवर उभा राहत नाही. पहिल्याच आठवड्यात गुडघे टेकतो. म्हणजे या रेडिएटरला सात वर्षांत हात भाजेल इतकीही धग लागलेली नव्हती.

मग मी सर्व्हिसची वही काढली. दर ऑक्टोबरला बॉयलर तपासल्याची नोंद आणि खाली सही. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. सगळ्या सह्या माझ्याच होत्या. मी यायचो, गरम पाण्यावर बॉयलर चालवून ज्वाला बघायचो, धूर मोजायचो, चहा प्यायचो आणि सही करायचो. रेडिएटरला हात लावायचं माझ्या मनात कधी आलं नाही. घर उबदार असायचं. उबदार घरात रेडिएटरला हात कोण लावतो?

“मिसेस ऑल्डरॉइड, मंगळवारी काय झालं? वीज गेली होती? कुणी कशाला हात लावला?”

“हात लावायला इथे आहे कोण? काही झालं नाही. त्याआधीच्या रविवारी पलीकडचा गेला. मंगळवारी त्याची मुलगी आली नॉटिंगहॅमहून. झालं ते एवढंच, आणि त्याच्याशी मला काय करायचंय.”

‘पलीकडचा’ म्हणजे चौदा नंबरचा विल्फ्रेड ब्रॉडबेंट. तेवीस वर्षं तिने त्याचं नाव उच्चारलं नव्हतं. सदरलँड टेरेसच्या मागच्या गल्लीत सोमवारी कपडे वाळत घालतात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून. त्या दिवशी गल्लीत गाडी आणायची नाही, हे कुठे लिहिलेलं नाही आणि म्हणूनच कुणी मोडत नाही. तेवीस वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी विल्फ ब्रॉडबेंट आपली व्हॅन घेऊन तिच्या नि हॅरीच्या लग्नातल्या चार पांढऱ्या चादरींमधून आरपार गेला. दोन चादरी व्हॅनने थेट कोपऱ्यापर्यंत नेल्या. त्याने माफी मागितली असती तर प्रकरण चहावर मिटलं असतं. पण तो म्हणाला, “सोमवार हा काही देवाने तुझ्या नावावर केलेला नाही.” त्यानंतर दोघांमध्ये संभाषण झालं ते फक्त भिंतीतून: त्याचा टीव्ही मोठा झाला की ती सळईने ठोकायची.

“मुलीने आल्यावर काय केलं?”

“गॅस बंद केला. मी काही बघत नव्हते. खिडकीतून दिसलं.”

मी उठलो आणि दोन्ही घरांमधल्या सामाईक भिंतीवर तळहात ठेवला. तपकिरी गुलाबांचा जुना कागद, त्यामागे प्लास्टर, त्यामागे वीट. गार पडली होती.

आमच्या धंद्यात निदान करणं सोपं असतं. सांगणं अवघड. वाईट बातमी सांगताना डॉक्टर लोक निदान खुर्ची तरी पुढे करतात.

“मिसेस ऑल्डरॉइड, तुमचं हीटिंग मंगळवारी गेलेलं नाही. तुमचं जाऊन सात वर्षं तरी झाली. मंगळवारी गेलं ते त्याचं.”

स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारायला लागली. ती उठली नाही. शेवटी मीच जाऊन ती उतरवली आणि परत आलो, तर ती टोपी काढून मांडीवर घेऊन बसली होती.

“सात?”

“सात तरी.”

“मग इतके दिवस मी कशावर…” तिने भिंतीकडे बघितलं. “मी सगळ्यांना सांगत फिरले रे. मीटरवाल्याला. पाद्रीबाबांना. दवाखान्यात त्या नर्सला सुद्धा सांगितलं, माझं घर बघ म्हणून.”

“बांधकाम दगडी आहेच,” मी म्हणालो.

“गप्प बस.”

मी पक्कड पुसून पेटीत ठेवली.

“त्याच्या घरात ते कुठल्या भिंतीला आहेत?” तिने विचारलं.

“काय?”

“रेडिएटर रे. जाऊन बघून ये. मुलगी आहे घरात. मी पाठवलंय म्हणून सांगू नको.”

विल्फची मुलगी लिनेट पन्नाशीची, डोक्याला रुमाल बांधून खोकी भरत होती. भिंतीची ओल बघायचीय असं काहीतरी मी सांगितलं. तिने काही विचारलं नाही. घरात माणूस गेलेलं असलं की नळवाल्यांना कुणी काही विचारत नाही. मी खालच्या दोन खोल्या आणि वरच्या दोन बघून परत आलो.

“सगळे या बाजूला आहेत,” मी सांगितलं. “चारही. मोठे आहेत, दुहेरी पत्र्याचे.”

“वरचे सुद्धा?”

“वरचे सुद्धा. तुमच्या पलंगाचं उसं आहे ना, बरोबर त्याच्या पलीकडे एक आहे.”

असं का, ते कुठलाही नळवाला सांगेल. दुसऱ्या भिंतीला जिना असतो. पण तिने का असं विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नाही. शिवाय जिन्याने सगळ्याचा उलगडा होत नव्हता. हिचं घर सोळाच्या खाली एकदाही उतरलं नाही, म्हणजे पलीकडे रात्रंदिवस पंचवीस-सव्वीस अंश असणार. बॅटलीत एकटा राहणारा निवृत्त माणूस सव्वीस अंशात बसतो कशाला, याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

तिच्याकडे ते तयार व्हायला लागलं होतं.

“सात वर्षं म्हणालास ना? सात वर्षांपूर्वी मला न्यूमोनिया झाला होता. हॅरी गेल्यावर वर्षभरातच. महिनाभर खोकत होते. पलीकडे ऐकू जात असणारच. एका विटेचं तर अंतर.”

वास्तविक सात हा आकडा मी फक्त मेणाच्या मुलावरून धरला होता. आठ असतील, दहाही असतील. पण एकदा न्यूमोनिया येऊन त्या आकड्याला चिकटला की आकडा मागे घेणं कठीण.

“एक शब्द बोलला नाही मेला,” ती म्हणाली. “सात हिवाळे. एक शब्द नाही.”

“तुम्हीही बोलला नाहीत.”

“मी कशी बोलणार? चूक त्याची होती.” तिने टोपीची कड दोनदा सरळ केली. “गुरुवारी नेणार आहेत त्याला. मी येणार नाही असं कळवलंय मुलीला. चिठ्ठी टाकली दारातून. ‘तुमच्या दुःखात सहभागी आहे, पण गुडघा दुखतो.’ गुडघ्याला काही झालेलं नाही डेरेक.”

मी म्हणालो, “गुरुवारपर्यंत बरा होईल.”

दुसऱ्या दिवशी मी नवा व्हॉल्व्ह बसवला. सगळं पाणी सोडलं तर शाईसारखं काळं आलं. यंत्रणा धुतली, भरली, एकेका रेडिएटरची हवा काढली. मग चालू केलं. घरभर धूळ जळाल्याचा वास सुटला आणि पाइप ठोकल्यासारखे वाजायला लागले. अर्ध्या तासात गाणाऱ्या मुलाने मान टाकली, मग कमरेत वाकला. मी उचलायला गेलो.

“राहू दे,” म्युरिएलबाई म्हणाली.

तिने रेडिएटरवर हात ठेवला आणि लगेच उचलला, जसा अनोळखी माणसाच्या हातातून आपण आपला हात काढून घेतो. मग चार पावलं चालून तिने तोच हात सामाईक भिंतीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

“ही काही तापली नाही अजून,” ती म्हणाली.

“ही बाजू उशिरा तापते.”

“खोटं बोलू नको. तुला जमत नाही.”

गुरुवारी शवपेटीची गाडी गल्लीत शिरली तेव्हा सदरलँड टेरेसच्या पुढच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. गेलेल्या माणसाच्या मानासाठी आमच्याकडे अजून ओढतात. बारा नंबरचे सकाळी सातलाच ओढलेले होते, वरचेही आणि खालचेही, आणि ते इस्त्री केलेले दिसत होते. स्मशानात आम्ही नऊ जण होतो. त्यातले दोघे पुढच्या अंत्ययात्रेचे होते आणि चुकून लवकर येऊन बसले होते. उठणं बरं दिसत नाही म्हणून तेही शेवटपर्यंत बसले आणि प्रार्थना आमच्यापेक्षा चांगल्या म्हणाले.

नंतर क्लबात चहा आणि हॅम सँडविच. विल्फबद्दल कुणाला फारसं काही सांगण्यासारखं नव्हतं. तो वेळेवर यायचा, असं एक जण म्हणाला. कुठे, ते त्याने सांगितलं नाही. लिनेट भिंतीशी बशी घेऊन उभी होती. म्युरिएलबाई बरा झालेला गुडघा घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं बोलली, कारण तिला दुसऱ्या पट्टीत बोलता येत नाही.

“पोरी, तुझ्या बापाने मला सात हिवाळे उबेत ठेवलं. भिंतीतून. माझं हीटिंग बंद पडलेलं मला ठाऊक नव्हतं, त्याला असणार. आणि मी त्याला चांगलं म्हटलं नाही. आता म्हणतेय. उशीर झालाय हे मला कळतं.”

“बाबांनी?” लिनेट म्हणाली. “आमच्या बाबांनी?”

तिने बशी कुठे ठेवायची ते शोधलं. सापडेना, म्हणून ती माझ्या हातात दिली.

“आई गेली तेव्हा त्यांनी माझा हातसुद्धा धरला नव्हता हो,” ती म्हणाली. “स्मशानातून परत येताना रस्ताभर टायरच्या दाबाबद्दल बोलत होते. मला वाटायचं, या माणसाच्या आत काही नाहीच.”

“होतं,” म्युरिएलबाई म्हणाली. “आत होतं. बाहेर काढायची अक्कल नव्हती मेल्याला.”

मग त्या दोघी एकमेकींना धरून रडल्या. आमच्या क्लबात असं कुणी करत नाही. लोक खिडकीबाहेर मोटारी बघायला लागले. मी लिनेटच्या बशीतलं सँडविच खाल्लं, कारण त्या वेळी तोंडाचा दुसरा काही उपयोग सुचला नाही.

पुढच्या सोमवारी लिनेटचा फोन आला. घर विकायचं, पण वसंताच्या आत गिऱ्हाईक मिळणार नाही. तोवर पाइप गोठू नयेत म्हणून हीटिंग थोडं चालू ठेवायला हवं.

“थोडं नको,” ती म्हणाली. “बाबा ठेवायचे तसंच ठेवा. म्युरिएलमावशीला त्या भिंतीची सवय आहे. बिल मी भरीन.”

मी चौदा नंबरला गेलो. ती पुढच्या खोलीत जमिनीवर बसून कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती. गुरुवारपेक्षा चेहरा तरुण दिसत होता. गॅस सुरू करून मी बॉयलर पेटवला.

“दर रविवारी मी फोन करायचे,” ती आतून बोलत होती. “आणि दर रविवारी एकच पाढा. ‘लिनेट, घरात भट्टी पेटलीय. लिनेट, मी बनियनवर बसलोय.’ मी म्हणायचे, बाबा, कुणाला तरी बोलवा, दाखवा. तर म्हणायचे, एवढ्यासाठी कशाला कुणाला त्रास. वर्षानुवर्षं! मला वाटायचं म्हातारपणाची कुरकुर आहे.” ती हसली आणि हसता हसता नाक पुसलं. “आता कळलं. मुद्दाम तापवत होते, आणि सांगायची लाज. म्हणून माझ्यापाशी तक्रारीचं सोंग. हो ना?”

मी तोवर रेडिएटर बघायला वरच्या मजल्यावर गेलो होतो. मागच्या खोलीची खिडकी वीतभर उघडी होती. तिच्या खाली लाकडाचा ठोकळा दिलेला होता आणि ठोकळ्याच्या कडा वापरून गोल झाल्या होत्या.

“डेरेक? ऐकताय ना?”

“ऐकतोय,” मी म्हणालो, आणि खाली येऊन जिन्याजवळच्या थर्मोस्टॅटचं झाकण काढलं.

“काही बिघडलंय का?”

“नाही,” मी म्हणालो. “ठीक आहे सगळं.”

थर्मोस्टॅटचा काटा शक्य तितका खाली, पाचवर, फिरवून ठेवलेला होता. आतले विजेचे दोन संपर्क वितळून एकमेकांना चिकटले होते, त्यामुळे काटा कुठेही फिरवला तरी बॉयलर बंद होत नव्हता.